मुलांचे हात आणि झाडांचीं पानें

गेल्या दिवाळीच्या सुटींत तीन पुस्तकें आमच्या टेबलावर एकत्र येऊन पडलीं. पहिलें अमेरिकेंतील ॲना बॉट्सफोर्ड कॉम्स्टॉक या विदुषीचें 'हँडबुक ऑफ नेचर स्टडी'. हें १९११ सालीं प्रथम निघालें आणि नऊशेंहून अधिक पानांचें आहे. दुसरें युनेस्कोनें १९५६ सालीं प्रसिद्ध केलेलें विज्ञानशिक्षकांचें साधनपुस्तक. तिसरें अगदींच चिमुकलें, भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेनें काढलेलें, अरविंद गुप्ता यांचें 'पत्तों का चिड़ियाघर'. पहिलें उचलावयास दोन हात लागतात. तिसरें वर्तमानपत्राच्या घडींत हरवून जाईल. तिघांचा हेतु मात्र एकच आहे. लहान मुलांस पान, बीं, पाणी, ऊन, वारा यांच्याशीं कांहींतरी उद्योग करावयास लावावें, आणि त्या उद्योगांतून त्यांना सृष्टीची ओळख व्हावी, हा तो हेतु होय.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकानें असल्या पुस्तकांवर लेखणी कां चालवावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर लाजेचें आहे. ज्यांनीं डॅफोडिल कधीं पाहिलें नाहीं अशा मुलांस, ज्यानें तें स्वतःहि पाहिलेलें नाहीं अशा माणसानें, वर्डस्वर्थची त्या फुलांवरील कविता समजावून सांगावी, हा प्रकार आमच्या वर्गांत सत्तावीस वर्षें चालला आहे. त्याबद्दल आम्हांस कधीं फारसें दुःख झालें नव्हतें. डॅफोडिल दूरचें फूल; तें दिसलें नाहीं तर दोष भूगोलाचा. परंतु दोन वर्षांपूर्वीं असा एक प्रसंग घडला कीं, दोष भूगोलावर ढकलण्याची सोय उरली नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी तेव्हां सात वर्षांची होती. तिच्या शाळेनें 'पानांची वही' करून आणण्यास सांगितलें. पंधरा झाडांचीं पानें वाळवून चिकटवावयाचीं व खालीं नांवें लिहावयाचीं. काम मुलीचें होतें. तें घरांतील वडील मंडळींनीं केलें, हें सांगावयास नकोच. पानें तिच्या वडिलांनीं आणलीं, चिकटविलीं तिच्या आईनें, आणि नांवें लिहिण्याचा मान आमच्याकडे आला. आम्हीं नुसतीं मराठी नांवें न लिहितां त्यांखालीं लॅटिन नांवेंहि सुवाच्य अक्षरांत लिहिलीं. पहिल्या पानावर पिंपळ होता, व त्याखालीं 'फायकस रिलिजिओसा'. वहीला पहिलें बक्षीस मिळालें. आम्हीहि मनांतून फुगलों. पुढें पावसाळ्यांत त्याच मुलीला घेऊन आम्ही देवळाच्या पारावर बसलों होतों. वर पिंपळ सळसळत होता. तिनें मान वर केली आणि विचारलें, "काका, हें कोणतें झाड?"

वहींतील पान तपकिरी, सपाट व मुकें होतें. वरचें हिरवें, लोंबतें व बोलकें होतें. दोन्ही एकच, हें त्या मुलीला कोणी दाखविलें नव्हतें. आम्हीं तिला नांव दिलें होतें, वस्तु दिली नव्हती. या पुस्तकांचें परीक्षण आम्ही त्या पारावरून करीत आहों, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आज शहरांत शाळा सुरू झाल्या कीं, कागद-पेन्सिलींच्या दुकानांतून 'प्रकल्पा'चें सामान टांगलेलें दिसतें. रंगविलेल्या गोळ्यांची सूर्यमाला तयार मिळते, ज्वालामुखी तयार मिळतो, पानाफुलांचीं चित्रें कापून चिकटविण्यापुरतीं छापलेलीं मिळतात. 'निसर्गांतून हस्तकला' असें नांव घेऊन निघणारीं पुष्कळशीं पुस्तकेंहि याच दुकानाच्या कुळांतलीं असतात. पान घ्या, त्याला कागदी डोळे चिकटवा, झाला मासा. पिस्त्याच्या टरफलांचें कासव करा, कापसाचा ससा करा. मुलाचे हात अर्धा तास गुंततात, आईला अर्धा तास उसंत मिळते, आणि कासव कपाटावर जाऊन बसतें. उसंत ही क्षुद्र वस्तु आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पानाचा मासा करतांना मुलानें पान पाहिलें काय? बहुधा नाहीं. कागद कापून घेतला असता तरी मासा तसाच झाला असता. जेथें पानाऐवजीं पुठ्ठा चालतो तेथें पान हें केवळ निमित्त असतें, आणि त्या उद्योगाला निसर्गाचें नांव देण्यांत थोडी फसवणूक आहे.

या सगळ्या उद्योगाचा मूळपुरुष फ्रीड्रिख फ्रोबेल. जन्म १७८२, मृत्यु १८५२. तरुणपणीं हा गृहस्थ वनखात्याच्या कामाची उमेदवारी करीत जर्मनीच्या रानांत राहिला, पुढें बर्लिनच्या एका संग्रहालयांत त्यानें स्फटिकांची निगा राखली, आणि १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं आपली संस्था काढली. 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव १८४० चें. बागेंत रोपांबरोबर मुलेंहि वाढावीं, ही कल्पना रानांत राहिलेल्या माणसालाच सुचावी. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या बागांवर बंदी घातली व ती जवळजवळ दहा वर्षें टिकली. सरकारांना लहान मुलांच्या खेळाची भीति वाटावी, हा इतिहासांतील एक मनोरंजक प्रकार आहे.

फ्रोबेलच्या उद्योगांपैकीं एकाचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. भिजवलेले वाटाणे घ्यावयाचे, त्यांत बारीक काड्या टोंचावयाच्या, आणि चौकटी उभ्या करावयाच्या. वाटाणा वाळला कीं काडी घट्ट धरतो. पुढें घुमटाकार इमारतींच्या रचनेसाठीं जगप्रसिद्ध झालेला अमेरिकन कल्पक बकमिन्स्टर फुलर हा लहानपणीं असल्याच बालशाळेंत होता. त्याची दृष्टि फार अधू होती. इतर मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या घरांसारख्या चौकोनी चौकटी केल्या. यानें हातांनीं चांचपून, जें हलत नाहीं तें ठेवीत, त्रिकोणांची चौकट उभी केली. ही हकीकत तो पुढें स्वतःच सांगत असे. काडी आणि वाटाणा यांनीं त्याला जें शिकविलें तें शिक्षकाला ठाऊकहि नसेल.

परंतु फ्रोबेलच्या मागून आलेल्या मंडळींनीं त्याच्या खेळांची कवाईत केली. अमुक ठोकळा आधीं, तमुक नंतर. शिक्षिकेनें टाळी वाजविली कीं सर्वांनीं एकदम घडी घालावयाची. मुलाचे हात चालू, डोळे शिक्षिकेच्या टाळीकडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉन ड्युईसारख्यांनीं यावर बोट ठेवलें तें योग्यच होतें. बाग राहिली नांवांत, वर्ग आला चार भिंतींत.

कॉम्स्टॉकबाईंचा ग्रंथ नेमका दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याच्या जन्माची कथा सांगण्यासारखी आहे. १८९० नंतरच्या शेतीच्या मंदींत न्यूयॉर्क संस्थानांतील शेतकरी गांव सोडून शहराकडे लोटूं लागले. मुलांच्या मनांत शेतीविषयीं गोडी उत्पन्न झाली तर हा लोंढा थांबेल, अशा आशेनें कॉर्नेल विद्यापीठांत निसर्गपाठांची चळवळ सुरू झाली व तिच्यांतून शिक्षकांसाठीं पत्रकें निघालीं. या ग्रंथाचें मूळ त्या पत्रकांत आहे. लोंढा थांबला नाहीं, हें आपण जाणतोंच. ग्रंथ मात्र टिकला. बाईंचे पति स्वतः कीटकशास्त्राचे नामांकित प्राध्यापक, आणि पुस्तक खर्च भरून काढणार नाहीं असें त्यांचें मत होतें; त्याच्या वीसांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. प्राध्यापकांच्या भाकितांचें मोल काय असतें, याचा हा नमुना आमच्या व्यवसायबंधूंनीं जपून ठेवावा.

ग्रंथाची थोरवी त्याच्या प्रश्नांत आहे. प्रत्येक पाठांत आधीं शिक्षकासाठीं सरळ, रसाळ माहिती. नंतर पाठाचा मध्यवर्ती विचार. आणि मग मुलांसाठीं प्रश्नांची रांग. या प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत छापलेलीं नाहींत. तीं झाडावर, कीटकावर, दगडावर आहेत. शिक्षकाला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर 'मला ठाऊक नाहीं' असें त्यानें उघड सांगावें, म्हणजे शोध घेण्यांत तो मुलांचा सोबती होतो, असें बाईंनीं आरंभींच बजावलें आहे. हें वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटून बसलों. आमच्या सबंध विद्यार्थिदशेंत हे शब्द उच्चारणारा एकहि गुरु आम्हांस भेटला नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांनाहि भेटला नसावा.

तरी या ग्रंथाविषयीं दोन तक्रारी आहेत. पहिली अपरिहार्य आहे: त्यांतले पक्षी, फुलें, झाडें न्यूयॉर्ककडचीं आहेत. तो मुंबई-पुण्याच्या शाळेंत नेऊन ठेवला तर मेपलच्या पानाची तीच गत होईल जी डॅफोडिलची झाली. दुसरी तक्रार अधिक खोल आहे. या ग्रंथांत डोळ्यांना काम पुष्कळ, हातांना थोडें. सातआठ वर्षांचें मूल पंधरा प्रश्नांपर्यंत स्वस्थ बसून पाहात राहील अशी बाईंची श्रद्धा दिसते. आमच्या पुतणीचें धैर्य चौथ्या प्रश्नाला संपलें व ती मांजराकडे वळली. मुलाचे डोळे त्याच्या हातांच्या मागून चालतात. हातांना विसांवा दिला कीं डोळेहि भटकतात.

युनेस्कोच्या पुस्तकाविषयीं थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत अनेक देशांतील शाळा व प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. तेथील शिक्षकांसाठीं, डबे-बाटल्या-तारा यांतून उपकरणें कशीं करावीं हें सांगणारी एक पुस्तिका जे. पी. स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकानें लिहिली. ती १९४८ सालीं निघाली. मग असें ध्यानांत आलें कीं, जेथें प्रयोगशाळा मोडल्या तेथें ती उपयोगी आहेच, पण जेथें त्या कधीं नव्हत्याच अशा देशांत तिचा उपयोग त्याहून मोठा आहे. तिचाच पुढें वाढून हा ग्रंथ झाला. ग्रंथ कोरडा आहे. वाचण्यासाठीं तो नाहींच. स्वयंपाकघरांतील डब्यांसारखा हाताशीं असावा एवढाच त्याचा दावा आहे, आणि तो खरा आहे. कांचेच्या पेल्यांत टिपकागद गुंडाळून ठेवावा, कागद व कांच यांच्यामध्यें उलटीसुलटी कडधान्यें अडकवावीं, तळाशीं पाणी घालावें, या जातीचे साधे प्रयोग त्यांत खच्चून भरले आहेत. बीं कसेंहि ठेवा, मूळ वळून खालींच जातें आणि कोंब वरच येतो. हें लिहावयास एक ओळ लागते. पाहावयास चार दिवस लागतात, आणि ते चार दिवस मूल सकाळीं उठून दांत घासण्यापूर्वीं पेल्याकडे धांवतें.

आतां अरविंद गुप्ता यांजकडे वळूं. हे कानपूरच्या आय. आय. टी. चे १९७५ चे इंजिनिअर. मोटारींच्या कारखान्यांतील नोकरींत असतांना १९७८ सालीं ते मध्यप्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांत गेले. तेथें 'किशोर भारती' व रसूलियाचें 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनीं १९७२ सालीं सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला होता. धडा पाठ करावयाचा नाहीं, प्रयोग करावयाचा. परीक्षेंतहि पुस्तक उघडें ठेवावयाची मुभा. तीस वर्षें चाललेला हा उपक्रम २००२ सालीं त्या राज्याच्या सरकारनें बंद केला. प्रशियाच्या सरकारची आठवण आम्हांस येथें पुन्हां झाली.

होशंगाबादच्या आठवड्याच्या बाजारांत हिंडतांना गुप्ता यांच्या नजरेस सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी पडली. तिचे तुकडे करून त्यांत काडेपेटीच्या काड्या बसविल्या कीं सांधा तयार होतो. चौकोन केला तर तो डोलतो. त्रिकोण केला तर हलत नाहीं. फ्रोबेलचा वाटाणा वाळण्याची वाट पाहावी लागे, व्हॉल्व्हची नळी तात्काळ काम देते. ब्लांकेनबुर्गच्या बालबागेंतला खेळ सवाशेंहून अधिक वर्षांनीं नर्मदेच्या कांठीं नवा देह घेऊन आला. त्यांचें काडेपेटीच्या काड्यांचें पुस्तक भारतांतील अनेक भाषांतून गेलें आहे. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें हेंच कार्य केलें, आणि २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचें त्यांचें काम वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्याची स्तुति करण्यांत आम्ही जागा दवडीत नाहीं.

एक तक्रार मात्र नोंदवितों. त्यांच्या खेळण्यांच्या पुस्तकांत खेळणीं एकामागून एक इतक्या वेगानें येतात कीं थांबावयास जागाच नाहीं. भिरभिरें फिरलें, मूल हंसलें, चला पुढच्या पानावर. कां फिरलें, उलटें फिरेल काय, पातें लांब केलें तर काय होईल, हे प्रश्न कॉम्स्टॉकबाईंनीं विचारल्यावांचून पान उलटूं दिलें नसतें. एकाच्या पुस्तकांत हातांची मेजवानी आहे, दुसरीच्या पुस्तकांत डोळ्यांची. दोघांना एका ताटावर बसवितां आलें असतें तर किती बरें झालें असतें.

'पत्तों का चिड़ियाघर' हें मात्र पाहतांक्षणीं आमच्या मनांतून उतरलें होतें. सुकलेलीं पानें जुळवून प्राणी करावयाचे. मजकूर थोडा, चित्रें पुष्कळ. म्हणजे तोच पानाचा मासा! वर ज्या दुकानी उद्योगाची आम्हीं निंदा केली त्याच्याच पंगतींत हें पुस्तक बसवून आम्ही मोकळे होणार होतों, आणि परीक्षणाचीं चार वाक्यें मनांत तयारहि झालीं होतीं. परंतु पुस्तक पुतणीच्या हातीं पडलें, व तीं चार वाक्यें आम्हांस परत घ्यावीं लागलीं.

तिला हत्ती करावयाचा होता. हत्तीला कान हवेत. आम्हीं सुचविलें, पिंपळाचें पान घे. तें कानासारखें रुंद आहे. तिनें तें हातांत धरलें, फिरवून पाहिलें आणि परत दिलें. "ह्याला शेपूट आहे, काका. कानाला शेपूट नसते." पहिलें बक्षीस मिळविणाऱ्या त्या वहींत हेंच पान वर्षभर चिकटलेलें होतें, त्याची शेपूट तेव्हां ना तिला दिसली होती, ना लॅटिन नांव लिहिणाऱ्याला. मग वडाचें पान आलें. तें फार जाड. आंब्याचें अरुंद. जांभळाचें लहान. सागाचें एवढें मोठें कीं त्यांत सबंध हत्ती झांकेल. दोन दिवस घरांत पानांचा कचरा झाला आणि आमच्या वहिनींची बोलणीं आम्हांस खावीं लागलीं. तिसऱ्या दिवशीं टेंकडीवर गेलों असतां पळस दिसला. त्याचीं खालीं पडलेलीं पानें तिनें उचललीं, आणि थोड्या वेळानें ओरडली, "हा डावा कान आहे, हा उजवा!"

आम्ही वांकून पाहिलें. पळसाला पानें तीनच, ही म्हण आम्हीं जन्मभर वापरली. निबंधांत वापरली, व्याख्यानांत वापरली, आणि कोठेंहि गेलें तरी सारखेंच, असा तिचा अर्थ सांगत आलों. तीं तीन पानें सारखीं नाहींत हें आम्हांस छप्पन्नाव्या वर्षीं एका मुलीनें दाखविलें. मधलें दोहों बाजूंस सारखें; कडेचीं दोन तिरकीं, एका अंगाला फुगीर, आणि एकमेकांचीं आरशांतलीं प्रतिबिंबें असावीं तशीं. डाव्या कानासाठीं डावेंच पान लागतें. तेथें पुठ्ठा चालला नसता. पुठ्ठ्याचा कान कात्रीच्या मर्जीप्रमाणें होतो. पळसाचा कान शोधावा लागतो, आणि शोधण्यासाठीं शंभर पानें नाकारावीं लागतात. जें पान नाकारावयाचें तें आधीं पाहावें लागतें.

चांगल्या व वाईट उद्योगांतील भेद आमच्या मतें येथें आहे. दुकानी पुस्तक म्हणतें, हें पान घे व मासा कर. गुप्तांचें पुस्तक, निदान आमच्या घरीं तरी, म्हणालें, हत्ती कर, आणि त्याचा कान कोणत्या झाडावर लागला आहे तें तूं शोध. पानांचा प्राणी दोन्हींकडे झाला. पण एकींत आरंभ डिंकाच्या बाटलीपासून आहे, दुसऱ्यांत झाडापासून. आमचा हत्ती दोन दिवसांत चुरगळून गेला. त्याची कोणालाहि हळहळ वाटली नाहीं.

शेपटीचा प्रश्न मात्र राहिला. पिंपळालाच शेपूट कां? आम्हीं येथें चूक केली. कोठें तरी वाचलेलें उत्तर झटकन् देऊन टाकलें: पावसाचें पाणी टोकावरून लौकर गळून जावें म्हणून. कॉम्स्टॉकबाई असत्या तर आमचा कान धरला असता. सुदैवानें मुलीनें उत्तर मान्य न करतां मोरीजवळ बसून पिंपळाचें व वडाचें पान ओलें करून पाहिलें. पाणी दोन्हींवरून गळलें. पिंपळाच्या टोकावरून थेंब लहान व भराभर पडत होते, वडाच्या टोकाशीं मोठा थेंब बराच वेळ लोंबत राहात होता. "म्हणजे तुमचें थोडें बरोबर आहे," एवढें प्रमाणपत्र आम्हांस मिळालें.

येथवर लिहिलें तें सर्व शहरांतल्या, शिकलेल्या घरांतल्या मुलांविषयीं झालें, आणि या विषयावरील बहुतेक पुस्तकांचा दोषहि तोच आहे: मुलाला निसर्ग ठाऊक नाहीं असें तीं गृहीत धरतात. आपल्याच प्रांतांत ज्यांनीं याच्या उलट बाजूनें आरंभ केला त्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें स्मरण केल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें काम केलेल्या ताराबाई १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं आल्या. अनुताई तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळाच त्यांच्या आंगणांत नेली. 'आंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदांतून फिरतो, पण त्याच्या मागें ही पायपीट आहे. १९५७ सालीं त्या कोसबाडच्या टेंकडीवर गेल्या. वारली मुलें गुरें राखावयास जात म्हणून कुरणशाळा काढल्या. जेथें गुरें तेथें शाळा.

माँटेसोरीबाईंचीं साधनें सुंदर, पण महाग. बोर्डी-कोसबाडला त्यांच्या जागीं शिंपले, खडे, चिंचोके, पानें, फुलें, बिया आल्या. पण त्या मुलाला पान दाखवून 'हें पान' असें शिकविण्याची गरज नव्हती. कोणत्या झाडाची साल कशाला लागते, कोणतें कंद खावें व कोणतें उकडल्यावांचून खाऊं नये, हें रानांत वाढलेल्या मुलाला त्याच्या गुरुजींहून अधिक ठाऊक असतें. तेथें चिंचोका निसर्गाकडे नेण्यासाठीं नव्हता. मुलाच्या ओळखीच्या जगांतून त्याला मोजणीकडे, आकाराकडे, अक्षराकडे नेण्यासाठीं होता. एका मुलाला अक्षरांकडून झाडाकडे न्यावयाचें, दुसऱ्याला झाडाकडून अक्षरांकडे. हा फरक ज्याला कळला नाहीं असा लेखक दोघांच्याहि हातीं पिस्त्याच्या टरफलाचें कासवच देईल. अनुताईंचें 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें पुस्तक आत्मकथन म्हणून वाचलें जातें. निसर्गपाठ लिहिणाऱ्यांनीं तें धंद्याचें पुस्तक म्हणून वाचावें असें आम्ही सुचवितों.

मराठींत आम्हांस हवें आहे तें पुस्तक अजून आमच्या हातीं आलेलें नाहीं. त्याचीं पानें महिन्यांप्रमाणें असावींत आणि झाडें आपल्या कुंपणावरचीं. चैत्रांत पिंपळाची तांबूस पालवी; ती हिरवी केव्हां होते तें मुलानें दोऱ्यानें खूण करून पाहावें. मे महिन्याच्या मध्यास एके दिवशीं भर मध्यान्हीं अंगणांत रोंवलेल्या काठीची सावली नाहींशी होते, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हां एकदां (त्या वेळीं बहुधा ढग असतात, हेंहि प्रामाणिकपणें छापावें). पावसाळ्यांत गोकर्णाच्या निळ्या पाकळ्यांचें पाणी. त्यांत लिंबू पिळलें कीं तें जांभळट-गुलाबी होतें, आणि सोड्यानें हिरवट. आश्विनांत तेरड्याची पिकलेली बोंडें. बोट लागतांच तीं फुटून बिया उडतात. किती दूर उडतात? मोजपट्टी घेऊन बसावें.

आणि दिवाळीच्या सुमारास माळावरचें कुसळ. धोतराला, मोज्याला टोंचणारी ही वस्तु उपटून फेंकण्यापलीकडे आम्हीं तिचा कधीं विचार केला नव्हता. पळसाच्या त्या दिवशीं मुलीच्या मोज्यांत दहाबारा कुसळें अडकलीं. घरीं येऊन एकावर तिनें पाण्याचा थेंब टाकला आणि तें तिच्या तळहातावर आपोआप फिरूं लागलें. त्याचा केसासारखा लांब दांडा कोरडा असतांना दोरीसारखा पिळलेला असतो. ओल लागली कीं पीळ उलगडतो, वाळलें कीं पुन्हां चढतो, आणि या फिरण्यानें बियाचें टोकदार तोंड हळूहळू मातींत शिरतें. बीं स्वतःला पेरून घेतें. याला साहित्य काय लागतें? एक जुना मोजा व एक थेंब पाणी. कोणत्याहि दुकानांत हें खेळणें मिळत नाहीं आणि याच्याहून चांगलें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

असें पुस्तक लिहिणारानें दोन गोष्टी कृपा करून पाळाव्या. प्रश्नांचीं उत्तरें शेवटच्या पानावर उलटीं छापूं नयेत. आईबाप पुस्तक उलटें धरून वाचतात. आणि प्रत्येक पाठापुढें एक पान कोरें सोडावें. प्रकाशक म्हणतील, कागद महाग आहे. कोरें पान छापावयास शाई तरी लागत नाहीं.

बक्षिसाची ती वही घरीं आहे. परवां ती चाळीत असतां पहिल्या पानावर, आमच्या सुवाच्य लॅटिन अक्षरांच्या खालीं, पेन्सिलीनें लिहिलेलें आढळलें: 'शेपूट अडीच बोटें. वडाला नाहीं. बाकीचीं बघायचीं आहेत.'